खालून कापलेल्या अकरा ओळी

ताई, सुटलात एकदाच्या.

रागावू नका. मंजिरीचा फोन आला तेव्हा मी दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात होतो, एका ट्रॅव्हल कंपनीच्या जाहिरातीवरून मॅनेजरशी हुज्जत घालत. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "बरं झालं." जीभ चावली मी. पण तुमची मुलगी तुमचीच. ती म्हणाली, "हो ना. काल दिवसभर श्वास पुरत नव्हता तिला." मग दोघंही रडलो. चार महिने नाकात नळी घेऊन तुम्ही सोफ्यावर बसून होतात. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून झोपसुद्धा बसूनच. मृत्यू अशा वेळी येतो तेव्हा त्याला नावं ठेवायला मन होत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या 'बरं झालं'मध्ये माझाही स्वार्थ होता. सोळा वर्षं तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट तुम्ही असताना सांगून झाली होती. जिथे पोचायला हवी होती तिथे ती पोचलीही होती, तुम्ही जायच्या बरोबर नऊ दिवस आधी. ते नऊ दिवस हुकले असते तर मी आज काय केलं असतं, याचा विचारच करवत नाही.

आपण एकमेकांचे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे आणखीही कोणी वाचेल, आणि अर्धवट मजकूर तुम्हाला कधी खपला नाही. तर तुम्ही डोंगराकडच्या तालुक्याच्या वार्ताहर, आणि मी जिल्ह्याच्या कचेरीत डेस्कवरचा उपसंपादक. तुम्ही बातम्या पाठवायच्या, मी त्यांना मथळे देऊन पानात बसवायचं. तुमची माझी ओळखच मुळी झापण्याने झाली. "अरे विलास का कोण तू, तहसीलदाराचं बोलणं नीटनेटकं करून छापतोस, आणि ठाकर बाई जे बोलली ते तिच्या बोलीत जसंच्या तसं? तहसीलदार फोनवर कसा बोलतो ते मी ऐकलंय. छाप की तेही तसंच!" मी म्हणालो, "ताई, त्याने बातमीला जिवंतपणा येतो." तुम्ही म्हणालात, "जिवंतपणा नाही, गंमत येते. आणि गंमत कोणाची होते ते बघ." मी फोन ठेवल्यावर तुम्हाला शिव्या घातल्या होत्या. आज सांगून टाकतो.

नंतरची सहा-सात वर्षं आपण रोज भांडलो. तुम्ही म्हणायचात, आदिवासी माणूस पेपरात दोनदाच येतो, मेला की नाहीतर नाचला की. कुपोषणाची बातमी नाहीतर तारप्याचा फोटो. "मधले दिवस ही माणसं काय करतात रे? शेतावर जातात, भावाभावांत भांडतात, पोरांच्या शाळेची काळजी करतात. ते कोण लिहिणार?" मी म्हणायचो, "ते तर सगळेच करतात, त्यात बातमी कुठेय?" तुम्ही म्हणायचात, "तेच तर म्हणतेय मी, शहाण्या." तेव्हा मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

मग ती मोटरचोरीची बातमी आली. बाजारगावाजवळच्या विहिरींवरच्या पाण्याच्या मोटरी चोरीला जात होत्या आणि पोलिसांनी एका पाड्यावरची चार माणसं उचलली. पाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गुन्ह्याच्या बातमीत पाड्याचं नाव आलं की तिथल्या लहान मुलालाही ते चिकटतं, हे तुमचंच. पोलिसांचं पत्रक आलं, त्यात 'आदिवासी टोळी' असा शब्द. तुम्ही पाड्यावर गेलात. चौघांतल्या लहानूच्या घरी बसलात, त्याच्या आईशी बोललात, मग दोन तास चालून वीटभट्टीवर गेलात आणि मुकादमाचं हजेरीपुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. चोरी झाली त्या आठवड्यात चौघंही भट्टीवर होते. रोजचे अंगठे होते.

बातमी तुम्ही शिस्तीत लिहिलीत. वर पोलीस, मग गुन्ह्याचा तपशील, मग शेतकऱ्यांचं म्हणणं, आणि शेवटच्या अकरा ओळींत पाड्याची बाजू. आम्हाला सगळ्यांना हेच शिकवलेलं, महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. आणि डेस्कला शिकवलेलं, जागा कमी पडली की खालून कापायचं. वाचत बसायचं नाही, खालून कापायचं. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं पान संध्याकाळी साडेसातला सोडावं लागायचं. सात वाजता एक जाहिरात आली. मी खालून अकरा ओळी उडवल्या, वर मथळा ठोकला, 'आदिवासी टोळी गजाआड', आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. चहाबरोबर भजीही खाल्ली.

बारा दिवसांनी चौघं सुटले. हजेरीपुस्तक पोलिसांनीही पाहिलं असणार. सुटल्याची बातमी तुम्ही पाठवलीत, ती मी छापली नाही, कारण त्या दिवशी पालकमंत्र्यांचा दौरा होता आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी झाली. आठवडी बाजारात पाड्याची माणसं आली की दुकानदार गल्ला झाकायला लागले. पुढच्या हंगामात भट्टीच्या मुकादमाने त्या चौघांना घेतलं नाही.

'टोळी गजाआड' छापून आलं त्या सकाळीच तुमचा फोन आला होता. "कोणी कापलं?" तुमचा आवाज कधी नव्हे तो बारीक होता, आणि म्हणूनच मी घाबरलो. नेहमीसारख्या ओरडला असतात तर कदाचित खरं बोललो असतो. म्हणालो, "साहेबांनी. ऐनवेळी जाहिरात आली, त्यांनीच सांगितलं कापा." साहेब म्हणजे आपले निवासी संपादक. ते बिचारे त्या संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाला गेले होते. तुम्ही त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाहीत. ते वारले तेव्हाही तुम्ही आला नाहीत. हेही माझ्याच खात्यावर.

पण खरं नुकसान कुठे झालं ते मला कित्येक वर्षं कळलंच नाही.

मी दुबईला आलो, तुम्ही रिटायर झालात, मग मंजिरीने तुम्हाला तिच्याकडे, दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनला आणलं. महिन्यातून एका शनिवारी मी गाडी काढून यायचो. तुमच्या घराजवळचा तो खजुरीच्या बागेचा रस्ता, आणि दारातच तुमचं "आलास? काय छापून आणलंस आज?" इथेही तुमचा उद्योग चालूच. टॅबवर सगळे मराठी पेपर उघडायचे आणि बोटाने रेघा मारायचा प्रयत्न करायचा. नात ईरा ओरडायची, "आजी, स्टॉप इट, यू कान्ट अंडरलाइन द स्क्रीन!" मग तुम्ही वही आणायला लावलीत. कोणत्या बातमीत आदिवासींबद्दल कोण बोललं आणि ते स्वतः किती ओळी बोलले, याचे दोन कॉलम. दुसरा कॉलम बहुतेक रिकामाच.

तिथेच एका दुपारी मी विचारलं, "ताई, त्या पाड्यावर परत कधी गेलात?" तुम्ही म्हणालात, "एकदा. चौघं सुटल्यावर. खुर्ची दिली, पाणी दिलं. कोणी बोललं नाही. लहानूची आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी उठून आले." मी म्हणालो, "मग सांगायचं ना, की तुम्ही लिहिलं होतं, कचेरीत कापलं गेलं!" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी अजून विसरलेलो नाही. "पेपरातलं भांडण घरातलं असतं, ते बाहेर नेत नाही मी. आणि नेलं असतं तरी काय? त्यांच्या हातात छापलेलं होतं. मी त्यांच्या घरात बसून वहीत सगळं उतरवून घेतलं आणि छापून आलं पोलिसांचं. कोणीही तेच समजेल." पस्तीस वर्षं त्या डोंगरात तुम्ही पायपीट केलीत ती एका भरवशावर, की ही बाई विचारते आणि विचारलेलं लिहिते. तो भरवसा मी जाहिरातीच्या जागेसाठी घालवला होता, आणि तुमच्याचसमोर बसून तुमचाच चहा पीत होतो. त्या दिवशीही मी बोललो नाही. घरी येताना दोनदा चुकीच्या राउंडअबाउटला वळलो.

बोललो ते गेल्या महिन्यात, आणि तेही चिडल्यामुळे. देऱ्यात एका शेअरिंग रूममध्ये तीन जणांची मारामारी झाली. तिघं आपल्याकडचे. गावाकडच्या एका न्यूज वेबसाइटने मथळा दिला, 'दुबईत मराठी मजुरांचा राडा, समाजात खळबळ'. नाशिकहून माझ्या आईचा फोन, "विलास, तू तर नव्हतास ना रे त्यात?" पन्नाशी उलटलेल्या माणसाला! ऑफिसातला मल्याळी अकाउंटंट डोळा मारून म्हणाला, "क्या हबीबी, तुम लोग तो बहोत डेंजर है." मी तडक अल ऐन गाठलं आणि तुमच्यासमोर थयथयाट केला. तीन माणसं भांडली, त्यात मराठी लिहायची गरज काय? रूममधल्या कोणाला विचारलं का? आम्ही इथे इतकी वर्षं नेकीने राहतोय त्याचं काय?

तुम्ही हसायला लागलात. इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली, मंजिरी धावत आली. श्वास जागेवर आल्यावर म्हणालात, "एक बातमी आली तुझ्यावर, एकच, आणि तुला जेवण गेलं नाही. त्यांचं रोजचं आहे रे."

आणि मी म्हणालो, "ताई, त्या अकरा ओळी मी कापल्या होत्या. साहेबांनी नाही."

तुम्ही विचारलंत, "वाचल्या होत्यास?" मी खरं सांगितलं. कापताना नाही, नंतर वाचल्या. कचेरीत तुमचा फॅक्स पडला होता, दुसऱ्या दिवशी वाचला, आणि पाठच झाल्या. शेवटी लहानूच्या आईचं वाक्य होतं. 'आमच्या पाड्यावर ना विहीर, ना वीज. मोटर आणून आम्ही लावणार कशाला?' पोलिसांना, शेतकऱ्यांना, आम्हाला कोणालाही न सुचलेला प्रश्न त्या बाईने विचारला होता, आणि तो सगळ्यात खाली होता.

मी तुमच्यावरही डाफरलो, आठवतंय? चोराच्या उलट्या बोंबा. म्हणालो, "हे वाक्य तुम्ही वर का नाही लिहिलंत? पहिल्या ओळीत?" तुम्ही रागावाल असं वाटलं. तुम्ही मान हलवलीत. "तेच तर मला छळतं. नियमाने लिहिलं. पोलीस वर, माणसं खाली. दोन्ही बाजू दिल्या म्हणून समाधान मानलं. बाजू दोन असल्या तरी एक माडीवर बसवली आणि एक पायरीवर." मग एकदम आवाज चढला, जुना, फोनवरचा. "पण मला कशाला सांगतोस? माझं काय गेलं? बारा दिवस आत मी होते? त्यांना सांग जा! यल्ला, ऊठ!" हे 'यल्ला', म्हणजे अरबीतलं 'चल', तुम्ही ईराकडून शिकला होतात.

लहानू जिवंत आहे का, कुठे आहे, काही माहीत नव्हतं. तिकडच्या आताच्या वार्ताहराला गाठलं. तो आधी म्हणाला, "सर, सोळा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता?" मी म्हणालो, "उकरत नाही बाबा, पुरलं होतं तेही मीच." पंधरा दिवसांनी त्याने लहानूच्या मुलीचा नंबर दिला. ती आरोग्य केंद्रात काम करते. इकडे तुमचा ऑक्सिजन वाढवत नेत होते. मी रोज नंबर काढायचो आणि परत ठेवायचो, हेही ऐका. चार दिवस माझी हिंमत झाली नाही.

शेवटी लावला. लहानूचं बोलणं मी नीट मराठीत लिहितोय, तुमच्या नियमाने. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही कापलं?" हो म्हणालो. "का?" मी म्हणालो, "जागा नव्हती." "जागा नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला. "आम्हाला वाटलं, ताईंनी लिहिलंच नाही. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, बाई आपल्या घरात बसली, पाणी प्यायली, आणि पोलिसांचंच लिहिलं. आई गेली आता. तिला कोण सांगणार?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा साहेब. ताईंशी मी बोलतो."

इथे व्हॉट्सॲप कॉलवर बंदी आहे, आणि तुम्हाला तसंही बोलवत नव्हतं. त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो घेऊन मी आलो. दुपारचे तीन, पडदे ओढलेले, तुम्ही उशांना टेकून. मंजिरीने फोन तुमच्या कानाशी धरला. "ताई, मी लहानू. तुम्ही लिहिलं होतं ते काल कळलं. आम्ही राग धरला तो चुकीच्या माणसावर. पाड्यावर सगळ्यांना सांगितलंय, घरोघरी जाऊन. तुम्ही बऱ्या व्हा आणि या."

चार वेळा लावायला लावलंत. चौथ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं आणि नळीखाली साचलं, ईराने टिश्यूने पुसलं. तिने विचारलं, "आजी, आर यू सॅड?" तुम्ही मान हलवलीत, नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "गाढवा, सोळा वर्षं!" मग हसलात. त्या दिवशी तुम्ही अर्धी वाटी मऊभात खाल्लात. मंजिरी सांगत होती, रात्री झोपही लागली. मला माफ केलंत का, हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. राहू दे. ते 'गाढवा' मला पुरेसं आहे.

भांडण मात्र एक अर्धं राहिलं. तुम्ही म्हणायचात, पाड्यावरचीच मुलं पेपरात बसली पाहिजेत, डेस्कवर, कात्री त्यांच्या हातात. मी म्हणायचो, त्यांना कशाला ही भिकार नोकरी? आता तुम्ही जिंकलात म्हणा हवं तर.

अंत्यसंस्कार इथेच झाले. दोन दिवस कागदपत्रांत गेले. शेवटचा शिक्का मारून तो काउंटरवरचा माणूस हळू आवाजात "खलास", म्हणजे अरबीत 'झालं', म्हणाला आणि कागद दोन्ही हातांनी मंजिरीकडे दिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, आईच्या पेपरला बातमी तुम्हीच पाठवा."

लिहायला बसलो आणि हात आपोआप चालला. 'आदिवासींच्या उत्थानासाठी आयुष्य वेचणाऱ्या ज्येष्ठ पत्रकार.' शंभर माणसांसाठी हेच लिहिलंय मी. पाठवणार, तेवढ्यात थांबलो. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. लहानूला फोन लावला, तुम्ही गेल्याचं सांगितलं. मग मी त्याला मजकूर वाचून दाखवला.

"उत्थान म्हणजे काय?" त्याने विचारलं.

सांगितलं.

"आम्ही कुठे पडलो होतो?" तो म्हणाला. "ते काढा. ताई आमच्याकडे यायच्या, बसायच्या, विचारायच्या, आणि आम्ही सांगितलेलं लिहायच्या. एकदा आमच्यावर खोटा आळ आला, तेव्हाही त्यांनी खरं लिहिलं होतं. ते छापलं गेलं नाही. एवढं टाका."

एवढंच टाकलं. एक शब्द माझा नाही. आताची संपादक पंचविशीतली पोर आहे. तिने फोन केला, "सर, 'ते छापलं गेलं नाही' हे आपल्याच पेपरबद्दल आहे का?" मी म्हणालो, हो, आणि कापणारा मीच. ती म्हणाली, "मग त्यात तेही लिहा." माझं नाव घालून मजकूर परत पाठवला. काल सकाळी छापून आला, जसाच्या तसा.

लहानूच्या मुलीने तो त्याला वाचून दाखवला. फोन चालू ठेवला होता, मी इकडे ऐकत होतो. तिने शेवटपर्यंत वाचलं, माझ्या नावासकट. लहानू म्हणाला, "हां. असंच झालं होतं."